साखर तिच्या माहेरची नव्हती

आमच्या मुलीला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?" प्रश्न मुलीला होता, उत्तर मी दिलं. "आईकडून आलाय. हिच्या माहेरी आहे." माझी बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

तिच्या माहेरी म्हणजे कोणाला? तिच्या एका चुलत आजोबांना, तेही पंच्याहत्तरीनंतर. बाकी कोणालाही नाही. एका म्हाताऱ्याच्या जिवावर मी अख्खं घराणं आजारी ठरवलं.

याला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत "हिच्या माहेरची साखर" हे आमच्या घरात हवापाण्यासारखं बोललं गेलं. लग्नात जेवताना, बारशात, कोणी जिलबी नको म्हटलं की. माझी थोरली बहीण बोरिवलीला असते, ती तर मुलीचं नाव निघालं की आधी तेच सांगायची. आणि बायकोचा भाऊ, जोगेश्वरीचा, सरळ माणूस, तो दर भाऊबिजेला माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "काय करणार बाळा, मामाकडून तुला दुसरं काही आलं नाही, हेच आलं. माफ कर गं." अर्धं हसत म्हणायचा. मी समोर बसून चकली खात असायचो.

मी शाळेत शिक्षक होतो. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा गुन्हा त्यानेच वाढतो.

आता मूळ गोष्ट. माझी हीच बहीण पहिल्या खेपेला गावी, कणकवलीकडे, बाळंत होत होती. बाळ अडलं. सुईणीने दीड दिवस घालवला, तालुक्याला नेईपर्यंत बाळ गेलं, बहीण कशीबशी वाचली. पुढे तिला मूल झालं नाही. सुईण म्हणाली, पोर फार मोठं होतं, पोरीने खाल्लं फार. माझ्या आईने ते मनात घट्ट धरून ठेवलं. लोकांच्या घरी गरोदर बाईला दोन जिवांची आहेस, खा, असं सांगतात. आमच्या घरी त्यानंतर उलटं झालं.

चार वर्षांनी माझ्या बायकोला दिवस गेले. पाचवा लागला तसं आईने तिचं जेवण मोजायला घेतलं. एका जेवणाला एक वाटी भात. केळं बंद, नारळ बंद, दूध नावाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण आईने पाठवलं नाही. जोगेश्वरीहून तिचा भाऊ न्यायला आला होता. आई त्याला दारातच म्हणाली, "तुमच्याकडे नेलंत तर तुम्ही लाडात खायला घालाल, आणि पोर अडेल. इथंच होऊ दे." तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "आई म्हणते ते बरोबर आहे." तो चहा न घेता गेला.

सातव्यात डोहाळजेवण मात्र थाटात केलं. फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण, समोर ताट, ताटात पाच गोड पदार्थ, ताटात वाटी मावेना इतकं. फोटोवाल्याला बोलावलं. चाळीतल्या बायकांनी तिला एकेक घास भरवला आणि ताट पोराबाळांना वाटून टाकलं. संध्याकाळी पुन्हा एक वाटी. तो फोटो आजही अल्बममध्ये आहे. कोणी पाहिला तर म्हणेल, काय कौतुक होतं सुनेचं!

त्यानंतर आई दीड महिना गावी गेली. शेताचं काही होतं, मग गणपती. जाताना मला म्हणाली, "तिका परत भात वाढू नको हां. मागीत, तरी देव नको. तुझ्यावर सोडून जातंय."

यापुढचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आई नव्हती. घरात आम्ही दोघंच. मी तिला पोटभर वाढलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. एका संध्याकाळी तिने कुळथाची पिठी केली होती. मी शाळेतून आलो, आम्ही जेवायला बसलो. तिची वाटी संपली. ती म्हणाली, "अहो, अजून थोडा भात घेऊ का? मला भूक भागतच नाही हो." मी म्हटलं, "तुला बाळ हवंय की भात?" तिचा हात पातेल्याकडे गेला. मी पातेलं उचललं आणि कपाटावर ठेवलं. ते कपाट उंच होतं. स्टुलावर चढण्यासारखी तिची अवस्था नव्हती, आणि मला ते माहीत होतं. त्या दिवसापासून पातेलं तिथेच राहू लागलं. दीड महिना.

त्याच महिन्यात मी नववीच्या वर्गाला आहाराचा धडा शिकवत होतो. गरोदर स्त्रीला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागतं, प्रथिनं लागतात, लोह लागतं. फळ्यावर तक्ता काढला होता, रंगीत खडूने. मुलांनी वहीत उतरवून घेतला. संध्याकाळी घरी येऊन मी पातेलं कपाटावर ठेवत होतो. मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. आईला अक्षरओळख नव्हती, तिचं एक नातवंड मातीत गेलं होतं, तिची भीती मी समजू शकतो. माझ्याकडे तसलं काहीही नव्हतं. मला आईचा शब्द पाळणारा मुलगा व्हायचं होतं, बस.

मुलगी झाली, दोन किलोलाही कमी. बाळंतपण लवकर झालं. आई गावाहून परतली होती, तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, कशी पटकन सुटली!" मी ती शाबासकी घेतली. मग त्या चिमुरडीला गुटगुटीत करायचा कार्यक्रम सुरू झाला. तूप, डब्यातलं दूध, वर साखर. पोटात असताना उपाशी ठेवलं आणि बाहेर आल्यावर कोंबलं. वर्षाच्या आत ती बाळसेदार झाली. आम्ही पुन्हा फोटोवाल्याला बोलावलं.

हे सगळं मी विसरलो होतो असं नाही. त्याचा मधुमेहाशी संबंध असू शकेल हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी बत्तीस वर्षं शिकवलं होतं की जीन आईबापाकडून येतात, जन्मभर तसेच राहतात, आणि आयुष्यात काय घडतं याचा त्यांच्यावर काही परिणाम नाही. एकदा दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "सर, यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत जीन सारखेच असतात ना? मग यकृताला दिसत का नाही?" वर्ग हसला. मी म्हटलं, "हे परीक्षेला नाही. खाली बस."

ती मुलगी आता संशोधन करते, पवईला एका प्रयोगशाळेत. मागच्या वर्षी मुलुंडला आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात तिचं भाषण ठेवलं होतं. मला पाहून ती उठून उभी राहिली, पाया पडली, आणि माइकवर पहिलंच वाक्य बोलली, "लहानपणी मी एक प्रश्न विचारला होता. सर म्हणाले, परीक्षेला नाही. म्हणून म्हटलं, यावरच आयुष्य काढू." टाळ्या पडल्या. मीही हसलो. पण अर्ध्या तासाने मला हसू येईना.

तिने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शाळेत दरवर्षी जूनमध्ये आम्ही मुलांना पेन्सिली काढायला लावायचो. पान अमुक ते तमुक, वर लिहा, "वगळा". तो भाग अभ्यासक्रमातून काढलेला असे. पुस्तक तेच, छपाई तीच, पान फाडलेलं नाही. पण वर पेन्सिलीने वगळा लिहिलं की वर्षभर एकही मूल ते पान उघडत नसे. पेशीचंही तसंच आहे. प्रत्येक पेशीत पुस्तक सारखंच. पण कुठल्या पानावर वगळा लिहिलंय, त्यावर ती पेशी यकृत होते की डोळा होते ते ठरतं. पेन्सिलीच्या जागी तिथे रसायनाच्या बारीक खुणा असतात, डीएनएच्या धाग्याला चिकटलेल्या. शिवाय तो धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. आवळून गुंडाळला तर तिथला मजकूर वाचता येत नाही, सैल असला तर येतो. बाळ पोटात असताना या खुणा फार झपाट्याने लिहिल्या जातात. आणि आईला अन्न कमी पडलं तर काही खुणा वेगळ्या पडू शकतात. बाळाचं शरीर जणू समजून चालतं की बाहेर दुष्काळ आहे, मिळेल ते साठवा. मग बाहेर तूप आणि साखर मिळाली की हिशेब चुकतो.

पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्या भावाला देताना खोडरबर फिरवतात, तसं पुढच्या पिढीला जाताना यातल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. सगळ्याच पुसल्या जातात का, यावर ती म्हणाली, अजून भांडणं चालू आहेत.

भाषण संपल्यावर आमच्या मंडळींनी काय विचारावं? "मग जीन सुधारायला सकाळी काय घ्यायचं? मेथी की आवळा?" एकाने तर मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, एकवीस दिवसांत जीन बदला. मला इतका संताप आला! ती पोर तासभर जीव तोडून सांगत होती आणि यांना पुडी हवी होती. पण संताप करायचा मला तरी काय हक्क होता? मी तरी काय विचारलं? सगळे गेल्यावर मी तिला गाठलं. आईला भात कमी दिला, बाळ लहान जन्मलं, नंतर खूप भरवलं, तिशीच्या आत मधुमेह. हे त्यामुळेच झालं ना?

"सर, कोणाबद्दल विचारताय?"

"आहे एक ओळखीचं घर."

ती म्हणाली, "शंभर बायकांना असं उपाशी ठेवलं तर त्यांच्या मुलांत हे जास्त दिसेल, असं मी म्हणू शकते. त्या एका मुलीबद्दल मी छातीठोक सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. दुसरीही कारणं असतात."

"म्हणजे तो दोषी नाही?"

"कोण तो, सर?" ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "बाईला उपाशी ठेवणं वाईट आहे हे ठरवायला प्रयोगशाळा कशाला लागते?"

त्यानंतर मी ठरवलं की घरात सांगायचं. एका रविवारी बहीण बोरिवलीहून आली होती, मुलगी अंधेरीहून. जेवणं चालू होती. मुलीने भात नको म्हटलं आणि बहीण सवयीने म्हणाली, "काय करणार, आजोळची देणगी." मी म्हटलं, "ताई, ते तसं नाहीये." आणि मी शिकवायला लागलो. पुस्तक, पेन्सिल, वगळा. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "हे हिच्या आईच्या माहेरचं नाही. ही पोटात होती तेव्हा हिच्या आईच्या पोटात पुरेसं अन्न गेलं नाही. त्यानेही झालं असेल."

मला वाटलं, मी बायकोवरचा आळ काढला. झालं काय?

बहीण म्हणाली, "म्हणजे हिच्याच पोटात बिघडलं ना? मग आम्ही वेगळं काय म्हणत होतो रे? माहेर काय आणि पोट काय, हिचंच."

मुलीने आईकडे वळून विचारलं, "आई, तू नीट खात नव्हतीस? का गं?"

"खाल्लं नसेल," बहीण म्हणाली. "नखरे असतात त्या दिवसांत. आम्ही तर डोहाळजेवणाला पाच गोड केले होते. फोटो आहे."

माझी बायको माशाचे काटे काढत होती. तिने मान वर केली नाही. आणि माझ्या लक्षात आलं की नवं शास्त्र घेऊन मी तोच जुना आळ तिच्या माहेरच्या दारातून उचलून तिच्या पोटात नेऊन ठेवला होता. आता वर शास्त्राचा शिक्का. जगभर आता हेच चाललं असेल. खुणा सापडल्या की लोक आधी आईकडे बोट दाखवणार. तिने काय खाल्लं, तिने काय केलं. तिला कोणी वाढलं, कोणी वाढलं नाही, हे कोण विचारतो? चीड येते! आणि त्या टेबलावर ते करणारा मीच होतो.

"ती मागत होती," मी म्हटलं. "मी दिलं नाही."

"आईने सांगितलं होतं ना तुला," बहीण म्हणाली.

"आई गावी होती, ताई. घरात मी होतो. ही भूक लागली म्हणाली आणि मी पातेलं कपाटावर ठेवलं. दीड महिना. हिला वर पोचता येत नव्हतं म्हणून तिथे ठेवलं."

बहिणीचा चेहरा लाल झाला. "मग काय चुकलं? तिला आम्ही वाचवलं. माझं गेलं ते तू विसरलास? माझं पोर गेलं रे!" ती रडायला लागली. तिचं दुःख खरं आहे. पण तिच्या दुःखाची भरपाई माझ्या बायकोच्या ताटातून करायची, हे आम्ही कधी आणि कोणाला विचारून ठरवलं?

मुलगी माझ्याकडे बघत होती. "बाबा, पण तुम्हाला तेव्हा माहीत नसेल ना? तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

इथे मला सुटता आलं असतं. तिनेच दार उघडून दिलं होतं. खुणांचं खरंच कोणाला माहीत नव्हतं. पण मी म्हटलं, "खुणांचं माहीत नव्हतं. गरोदर बाईला जास्त खायला लागतं, हे माहीत होतं. त्याच महिन्यात वर्गात शिकवत होतो."

तेव्हा माझ्या बायकोने मान वर केली.

"त्याच महिन्यात?"

"हो."

"मला वाटायचं तुम्हाला कळत नव्हतं," ती म्हणाली. "आईचं ऐकणारा आहे, कळत नाही याला, असं समजून मी सोडून दिलं होतं. चाळीस वर्षं मी तेच धरून बसले."

ती उठली, हात धुतले, आणि स्वयंपाकघरातून तिने भावाला फोन लावला. तिचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. "दादा, ते आपल्याकडचं नाही म्हणे. हो. नाही, हेच म्हणाले. आत्ता. सगळ्यांसमोर." मग बाहेर येऊन फोन माझ्या हातात दिला.

"भावोजी," तो म्हणाला, "मी तिला न्यायला आलो होतो, तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"मग इतकी वर्षं मी तुमच्या पोरीची माफी कशाची मागत होतो? आणि तुम्ही मागू देत होता?"

तो तेच पुन्हा विचारत होता, ओरडून नाही, खरंच कळत नसल्यासारखा. त्याच्या दोन्ही मुलांच्या लग्नाच्या वेळी त्याने समोरच्या लोकांना आधीच सांगितलं होतं, आमच्या रक्तात साखर आहे, नंतर म्हणू नका. एका ठिकाणी त्यावरून नकार आला होता. हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पिशवी भरली. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "बघू." मुलगी तिला जोगेश्वरीला सोडून आली. आठवड्याने मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही चारचौघांत माझ्या माहेराला नावं ठेवलीत. चारचौघांतच परत घ्या. ज्यांच्यासमोर बोललात त्या सगळ्यांना लिहून कळवा. आणि त्यात मला बिचारी करू नका. मी भूक लागली म्हणून मागितलं होतं, एवढंच लिहा."

मुलीने मला एकच विचारलं, तिच्या आजाराचं कारण नक्की हेच का. मी तिला खरं तेच सांगितलं, की नक्की कोणी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही स्वतःला शिक्षा करून घेताय ती माझ्या साखरेसाठी नाही, बाबा. आईसाठी करा." मला ते पटलं आहे.

तेव्हा ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ते ऐकलं, त्या सर्वांना हे कळवतो. माझ्या सासरच्या घराण्याला जो आजार मी लावला तो मीच लावला, त्याला आधार नव्हता. माझ्या बायकोने आपल्या बाळासाठी अन्न मागितलं होतं आणि मी ते नाकारलं, माहीत असून नाकारलं. यापुढे आमच्या घरात कोणी तिच्या माहेराचं नाव घेतलं तर त्याने आधी माझं घ्यावं.

याच्या प्रती काढून आणल्या आहेत. बहिणीला पोस्टाने पाठवली, तिचं काही आलेलं नाही. जोगेश्वरीची प्रत मी स्वतः घेऊन जाणार आहे. दार उघडतील की नाही, ते त्यांनी ठरवायचं आहे.